खांद्याची हद्द

“सोड! अरे, हात सोड, मेले मी!”

बायको अशी ओरडली की अल बर्शातल्या आमच्या सहाव्या मजल्यावरून तो आवाज शेख झायेद रोडच्या सगळ्या लेन ओलांडून गेला आणि पलीकडची मेट्रो स्टेशन नसताना थांबली. मी मात्र तिचं उजवं मनगट धरून तसाच उभा. मी अंश मोजत होतो.

माझं पोट सांध्यांवर चालतं. ॲनिमेशनमधल्या माणसांना हाडं बसवायची, हा माझा धंदा. हल्ली सोय अशी की पडद्यावर मनगट धरून ओढलं की कोपर आणि खांदा आपोआप मागून येतात. पण अक्कल नसते त्यांना. कोपर उलटं वळतं, मान मागच्या मागे फिरते. म्हणून प्रत्येक सांध्याला हद्द घालून द्यावी लागते, की बाबा रे, तू इथवर, पुढे पाऊल नाही. या कामात जबल अलीपासून रस अल खैमापर्यंत माझा हात धरणारा कोणी नाही, असं लोक म्हणतात. म्हणजे मी सांगितल्यावर म्हणतात.

त्या आठवड्यात एक म्हातारा मानगुटीवर बसला होता. खजुराच्या जाहिरातीतला, उंचावरून कहवा ओतणारा. किटली जरा वर नेली की याचा खांदा कानातून बाहेर यायचा. जाहिरातवाल्यांचं ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे आटपा, आटपा, चालू होतं आणि मी ‘इन्शाल्ला’वर दिवस ढकलत होतो. शनिवारी सकाळी डोक्यात आलं, खरा खांदा वर जाताना बघावा. बायको ओट्यापाशी थालीपीठ थापत होती. जरा हात दे म्हटलं आणि सवयीने, पडद्यावर ओढतो तसाच, मनगट धरून वर खेचला. खांद्याच्या उंचीलाही पोचला नाही, तोच ती किंकाळी.

आणि मी काय म्हणावं?

“नाटकं करू नकोस. सांध्यांच्या तक्त्यात खांदा एकशेऐंशी अंश आहे.”

मनगट सुटल्यावर तिने डाव्या हाताने उजवा हात तान्ह्या बाळासारखा पोटाशी घेतला आणि ओट्याला टेकली. डोळे भरले होते. आमची लेक खोलीतून आली. “बाबा, स्टॉप. आई कान्ट लिफ्ट दॅट आर्म.” म्हणजे तिलाही माहीत होतं.

तव्यावरचं थालीपीठ करपलं आणि मला हळूहळू घर दिसायला लागलं. वरच्या फळीवरचे डबे कधीच खाली आले होते. मला वाटलं होतं, बाईसाहेबांना आवराआवरीची हुक्की आली. कपाटात सगळे कुर्ते पुढून बटणांचे. ती नवी फॅशन समजून मी चार लोकांत कौतुकही केलं होतं.

दुपारीच फिजिओथेरपीच्या बाईंकडे गेलो. केरळच्या, मोजकं हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी कोनमापकासारखं एक साधन खांद्याला लावलं, कोपराखाली तळहात धरला आणि बायकोचा हात इतक्या सावकाश उचलला की तेवढ्यात मी अख्खा माणूस उभा केला असता. दर दोन अंशांना विचारायच्या, “यहाँ तक ठीक है?” वीस वर्षांत मी हजारो सांध्यांना हद्दी घातल्या, हे एकालाही विचारलं नव्हतं.

ऐंशीपाशी त्या थांबल्या. खांदा धरलाय, म्हणाल्या. व्यायामाने सुटेल, पण महिने लागतील. कधीपासून दुखतंय? गणपतीच्या आधीपासून, बायको म्हणाली. आणि आता बाजारात हापूस येऊन संपत आला होता.

मी पडद्यावरच्या माणसांचा विचार करत बसलो. हद्द घातलेली नसली की चूक लगेच दिसते, शेंबडं पोरही हसतं. हद्द असली की काहीच दिसत नाही. माणूस चालतो, वळतो, चहा देतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, सगळं सहज चाललंय.

परतताना टॅक्सीत मी विचारलं, इतके महिने रोज सकाळी केस मागे बांधतेस, ते कसं जमायचं?

ती खिडकीबाहेर बघत होती.

“वाकून,” ती म्हणाली.