समोरच्या बाजूचा वकील

डोरिंग गेलाडा माझ्याआधी मेला. वयानं मी मोठा, नंबर माझा होता. पण कोर्टात काय नि इथं काय, या माणसानं मला कधी पुढे जाऊच दिलं नाही. शवपेटी दिवाणखान्यात ठेवल्यापासून अख्खं गिंबाल गाव त्याच्या घरी लोटलं होतं. अंगणात पत्त्यांचे डाव, कॉफी, बिस्किटं. कोळणी आल्या, मास्तर आले, त्यानं सोडवलेले चोरसुद्धा आले. मी रोज दुपारी पेटीजवळच्या खुर्चीत जाऊन बसायचो आणि येणारी माणसं बघून मनातल्या मनात जळायचो. माझ्या पेटीशी कोण बसणार होतं? बायको मुलीकडे कॅनडात गेली ती तिकडचीच झाली. मुलगा फोन करतो आणि हवा कशी आहे ते विचारतो.

आमची दोघांची उभी हयात एकमेकांसमोर उभं राहण्यात गेली. मी तयारीचा माणूस. साक्षीदाराला घोटवून घोटवून आणायचो. डोरिंग यायचा तो कुठल्यातरी लेकरानं अर्धवट चोखलेली गोळी शर्टाच्या खिशात घेऊन. सहा मुलं होती त्याला.

म्हशीचा खटला अजून माझ्या डोक्यातून जात नाही. माझा अशील शपथेवर सांगत होता की म्हैस त्याचीच, वासरू असल्यापासून त्याच्या दारात वाढलेली. कान, शिंगं, पाठीवरचा डाग, सगळं त्याला पाठ. डोरिंग उठला, चष्मा पुसत त्यानं एवढंच विचारलं, "काय हो, तुमचं कुठलं पोर बसतं तिच्या पाठीवर?"

"कुणीच नाही, अॅटर्नी," माझा अशील म्हणाला. "ती पोरांना जवळ फिरकू देत नाही."

आमच्या गावात दारात वाढलेली म्हैस आणि तिच्या पाठीवर पोर नाही? शिपायासकट सगळं कोर्ट हसलं. खटला तिथंच संपला. हा प्रश्न मला जन्मात सुचला नसता. माझी मुलं तेव्हा शहरात बोर्डिंगात होती, आणि म्हशीवर बसतात की काय करतात, मला ठाऊक नव्हतं.

हरवून वर हा मला घरी जेवायला ओढून न्यायचा. "सिसो, भांडण कोर्टात. तुझ्या पोटानं माझं काय घोडं मारलंय? चल."

दुपारचं जेवण तो घरीच जेवायचा, मग न्यायाधीश कितीही घाईत असोत. लेता, त्याची बायको, तुरीचे दाणे, डुकराचं मटण आणि फणस घालून कालवण करायची. तसं कालवण मी दुसरीकडे खाल्लं नाही. सोबतच्या माशाचं डोकं ती न विचारता माझ्या ताटात टाकायची आणि डोरिंग कुरकुरायचा, "मानोंग सिसो आला की मी या घरात भाडेकरू." मानोंग म्हणजे आमच्याकडे थोरला भाऊ. पोरं हसायची. एखादं माझ्या मांडीवर चढायचं. मी ते डोकं चोखून खायचो, आणि घास गिळताना पोटात दुखायचं. खटला नेला, कालवणही याचंच, मांडीवर बसलेलं पोरही याचंच.

परवा दुपारी न्यायाधीश फाबिला आले. निवृत्त झालेत, काठी लागते. पेटीपाशी उभं राहून त्यांनी छातीवर क्रुसाची खूण केली आणि म्हणाले, "गेलाडासारखा वकील पुन्हा व्हायचा नाही."

मी पुढ्यात बसलेला. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. इतका राग आला की बिस्किटाचा हातात चुरा झाला.

ते निघाले. आमच्याकडे मयताच्या घरचं माणूस पाहुण्याला पोचवायला जात नाही. गेलं, तर त्या घरातलं आणखी एक माणूस जातं म्हणतात. ते काम शेजाऱ्यांचं. पण शेजारी त्या वेळी पत्त्यांत रंगलेला. म्हाताऱ्याला पायऱ्या उतरवेनात. डोरिंग नाही, तर निदान न्यायाधीशाला हात देणारा वकील तरी मीच, असा विचार करून मी उठलो आणि त्यांचं कोपर धरलं.

दारात माझा सदरा कुणीतरी मागून ओढला. डोरिंगची नात, क्लारिस. ही मला लोलो म्हणते, म्हणजे आजोबा. घाबरली होती.

"लोलो, तुम्ही नाही जायचं."

"अगं, पडतील ते."

"दुसरं कुणी जाईल. घरच्यांनी जायचं नसतं ना."

"मी कुठला घरचा?" मी म्हणालो. आवाज जरा चढलाच. "मी समोरच्या बाजूचा. आयुष्यभर समोरच्याच बाजूचा होतो. विचार तुझ्या आजीला."

लेता पेटीला टेकून बसली होती. आल्यागेल्याशी ती फारसं बोलत नव्हती. तिनं मान वर केली.

"मानोंग सिसो, बसा खाली," ती म्हणाली. "एक गेला तेवढा पुरे झाला मला."

पत्ते थांबले. शेजारी हातातला डाव टाकून धावत आला आणि न्यायाधीशांना फाटकापर्यंत घेऊन गेला.

मी खुर्चीत येऊन बसलो. क्लारिसनं कॉफी आणून दिली. पेटीच्या काचेखाली डोरिंग डोळे मिटून पडला होता. इतकी वर्षं ज्या घरावर मी जळलो, त्या घरात मी कधीचा होतो, आणि हे त्याला माहीत असणार. मला एकदा सांगायला या माणसाचं काय जात होतं?