चाळीस गाणी आणि माझं शुद्धलेखन

रागावणं ही पगारी नोकरी असती, तर आमच्या सचिवाला एम.ए. करायची गरजच पडली नसती. चंद्रपूरला आम्ही सात-आठ जणांनी लोकजीवन अभ्यास मंडळ काढलं, तेव्हापासून तो दर बैठकीला आधी राजीनामा लिही आणि मग इतिवृत्त. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तर ‘मले न इचारता परजिल्ह्यातला केला’ म्हणून आठवडाभर धुमसला; त्याचं गाव आरमोरीजवळचं. एका पाहुण्या प्राध्यापकांनी ‘तुमची बोली फार गोड हो’ म्हटलं, तर हा उभाच राहिला. “गोड म्हनजे का जी? आमी का रसगुल्ले आहो?” पाहुणे चहा न पिताच उठले. त्यांचा चहाही यानंच प्यायला, रागारागात.

पण त्याच्या मायची रोवण्याची गाणी, धान रोवताना बाया म्हणतात ती, निघाली की हा माणूस हळू बोले. चाळीस गाणी त्यानं स्वतः उतरवली होती. मंडळाच्या अंकासाठी पक्की प्रत करायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर सुरेख आणि शुद्धलेखनात मी शाळेपासून पहिला. मी ‘मले’चं ‘मला’ केलं, ‘नाई’चं ‘नाही’. आणि पक्की झाल्यावर कच्ची वही बंबात घालायची, हे आमच्या घरचं वळण; त्याची वहीही तशीच गेली.

“अबे, माह्या मायचं तोंड धुऊन टाकलं तू!” तो ओरडला. “काऊन केलं असं?”

“शुद्ध केलं,” मी म्हणालो. आजही घरात हे सांगताना या वाक्याला मी खोकतो.

गाणी पुन्हा उतरवायला त्यानं मला एस.टी.त कोंबून गावी नेलं. मायला आठवण व्हावी म्हणून मी, शहाणा, पक्क्या प्रतीतलं पहिलं गाणं मोठ्यानं वाचलं. तिनं पदर सारखा केला. “मी असं म्हनली?” मग खूश होऊन, अडखळत, तिनं सुरू केलं, “मला…”

“माय, मले म्हन.”

“नाई रे बाबू. पुस्तकात जाऊन राह्यलं ना? लोकं हासतीन.”

आता छप्पर उडणार म्हणून मी दाराकडे सरकलो. त्यानं नुसतं पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी रोवणं चालू होतं. तो धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मायकडे पाठ करून बसला, वही मांडीत लपवून. हा लिहितोय अशी तिला शंका आली, की ती गप्प होई. हा चिखलात तसाच थांबे. त्या रोवण्यात अकरा गाणी परत आली. बाकीच्यांसाठी तो दर वर्षी जात राहिला, माय थकून घरी बसेपर्यंत.

माझ्यावर मात्र तो त्यानंतर कधीच रागावला नाही. मी बरीच कारणं देऊन पाहिली.