टाकीतले मासे

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. हे मी मिरवतो आणि मिरवायचा मला संकोच वाटत नाही. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागातलं आमचं मेंढपाळाचं घराणं. वडील शेतीकडे वळले. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे तात्या, मेंढरांमागेच राहिले. दिवाळी सरली की घोड्यांवर बिऱ्हाड लादायचं, काकी, कुत्री, कोकरं सगळं घेऊन पश्चिमेच्या पाण्याच्या मुलखाकडे सरकायचं. वाटेत ज्याच्या रानात मेंढरं बसवतील त्याच्या रानाला लेंड्यांचं खत आपोआप मिळायचं. मी इंजिनीअर झालो तेव्हा माझी ब्रँच कुठली म्हणून गावात ज्यानं त्यानं विचारलं. तात्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "आमचं प्वार पाणी साफ कराय शिकलंय." पर्यावरण अभियांत्रिकी म्हणजे काय, हे याहून सोप्या शब्दांत मलाही आजवर सांगता आलेलं नाही.

शिकलो सांगलीत. पर्यावरणाची नीती आणि कायदे असा आम्हाला एक पेपर होता. तो कुणी मनावर घेत नसे. पाण्याचा कायदा, हवेचा कायदा, त्यांची कलमं पाठ करायची आणि परीक्षेत ओकायची. शिकवणाऱ्या मॅडमनी एकदा वर्गात विचारलं, "कारखान्याखालून जो ओढा जातो, तो कुणाचा?" एक म्हणाला सरकारचा, एक म्हणाला ज्याच्या रानातून जातो त्याचा. मी हात वर केला आणि म्हणालो, "जो पितो त्याचा." मॅडम खूश झाल्या. त्या पेपरात वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मला पडले. ती गुणपत्रिका आहे घरात. हल्ली काढून बघत नाही.

नोकरी लागली सातारा बाजूच्या एका औद्योगिक वसाहतीत. लोखंडी भागांना जस्ताचा मुलामा देणारा कारखाना होता. मुलाम्याआधी भाग ॲसिडात धुतात. ते धुवण आंबट असतं आणि त्यात जस्त उतरलेलं असतं. त्यात चुना मापानं सोडायचा, आंबटपणा मारायचा, जस्ताचा गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळलेलं पाणी बाहेर काढायचं, हे माझं काम. चुन्याचं पाणी सोडणारा एक छोटा पंप होता. तो चालू तर सगळं चालू. दिवसातून तीनदा पाण्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, सातच्या आसपास आहे का ते बघायचं, तो रजिस्टरात लिहायचा, खाली सही करायची.

आणि ती काचेची टाकी. साफ केलेल्या पाण्यात मासे जगतात हे पाहुण्यांना दिसावं म्हणून ती ठेवलेली. आमच्या टाकीत बोअरचं पाणी होतं. माझ्या आधीच्या माणसानं चार्ज देताना पहिल्याच दिवशी ते सांगितलं, चावी कुठल्या खिळ्याला असते ते सांगावं तसं. "आपल्या पाण्यात मरतात हो. उगाच मुक्या जिवाचं पाप कशाला?" मी हसलो. दोघंही हसलो.

त्या हिवाळ्यात चुन्याचा पंप जळाला. तो काढून दुरुस्तीला पाठवला. मी मॅनेजरसाहेबांना म्हणालो, पंप येईपर्यंत धुण्याची लाइन बंद ठेवू. ते म्हणाले, "ऑर्डर अंगावर आलीय आणि तुम्ही बंदच्या गोष्टी करता? घमेल्यानं टाका चुना. आणि रजिस्टर कोरं सोडू नका." घमेल्यानं चुना टाकणं म्हणजे अंदाजपंचे काम. एकदा ढीगभर पडायचा, एकदा काहीच नाही. पुढं चुन्याची पोतीही संपली. मी मात्र रोज लिहीत होतो, सात पूर्णांक दोन. मधूनच सात पूर्णांक तीन, खरं वाटावं म्हणून. पाणी बाहेर जात होतं, खालच्या ओढ्याला मिळत होतं. ते कोण पितं याचा विचार मी केला नाही असं नाही. मी मनाला सांगितलं, इथली माणसं शहाणी आहेत, ओढ्याचं पाणी कुणी पीत नाही.

आणि नेमके त्याच दिवसांत तात्या आले.

ते दरसाल दुसऱ्या वाटेनं जायचे. यंदा पुतण्याची कंपनी बघायची म्हणून वाट वाकडी करून आले होते. कारखान्याच्या खालच्या अंगाला एका रिटायर फौजीचं उसाचं रान होतं, ऊस निघालेला होता. त्यानं मेंढरं बसवायला सांगितलं आणि तात्यांनी ओढ्याच्या काठाला तळ टाकला. दुसऱ्या दिवशी गेटवरून फोन आला. वॉचमन हसू दाबत म्हणाला, "सर, एक धनगर आलाय. म्हणतोय, मी तुमच्या मोठ्या सायबाचा चुलता."

खरं सांगतो, क्षणभर लाज वाटली. मग त्या लाजेची लाज वाटली आणि मी पळतच गेटवर गेलो. तात्या खांद्यावर घोंगडं टाकून उभे होते, हातात काकीनं दिलेलं भाकरीचं फडकं. आत जायचं तर डोक्याला हेल्मेट लागतं. तात्या म्हणाले, "आरं लेका, ह्यो टोप पटक्यावर बसायचा का पटका टोपावर?" वॉचमनसुद्धा मोकळा हसला.

मी त्यांना सगळं हिंडून दाखवलं. टाक्या, गाळ, लॅबमधल्या काचेच्या नळ्या. माझ्या नावाची पाटी त्यांनी बोट फिरवून बघितली. वाचता येत नाही त्यांना. मग ते माशांच्या टाकीपुढे थांबले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले.

"जिती हायती?"

"हायती की."

"आन ह्ये पाणी तू साफ केल्यालं? ह्येच बाहीर जातंय?"

माझे दोन कामगार बाजूला उभे होते. साहेबांच्या केबिनची खिडकी उघडी होती. पण ती सबब झाली. खरं कारण निराळं. तात्या मान वर करून माझ्याकडे असे बघत होते, की तसं आयुष्यात कुणी माझ्याकडे बघितलं नव्हतं.

"व्हय," मी म्हणालो.

पाच-सहा दिवसांनी सकाळी काकीचा फोन आला. "मेंढरं गाभडाय लागल्यात रं, कच्ची कोकरं टाकत्यात. तीन मेल्याती. ये बिगीनं."

मी गेलो तेव्हा सरकारी डॉक्टर येऊन इंजेक्शनं देत होते. वाघरीत, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीत, निम्मा कळप मान टाकून बसलेला. डॉक्टर म्हणाले, "पोटात काहीतरी विषारी गेलंय. पाणी कुठलं पाजता?" तात्यांआधी फौजीच बोलला, "वड्याचं. मी पयल्या दिवशी सांगितलं हुतं पाव्हण्यास्नी, आमची म्हस ह्या पाण्याला तोंड लावत न्हाई."

तात्या तडकले. "आवं, पाण्यावर नगा ढकलू. माझा पुतण्या साफ करतोय त्ये पाणी. मी डोळ्यानं मासं बघितल्यात त्यात. पाला-बिला काय खाल्लं आसंल."

आणि भरवशानं माझ्याकडे बघितलं. मी वाघरीची जाळी सारखी करायला लागलो. डॉक्टर आणि फौजी बांधाकडे गेले तेव्हा काकी माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "म्होरली मेंढी पाण्याला नाक लावून माघारी फिरली हुती. ह्यांनी कान धरून फिरिवली. म्हणलं, पी गं, आपल्या पोराचं पाणी हाय."

माझ्या खिशात पीएचच्या कागदी पट्ट्या होत्या. ओढ्यावर गेलो, एक बुडवली. लालभडक झाली. एवढी लाल पट्टी मी फक्त कॉलेजच्या लॅबमध्ये ॲसिडच्या बाटलीत बघितली होती.

तात्या बांधाच्या कडेला खड्डा काढत होते. शेजारी गोणपाटावर अपुऱ्या दिवसांची कोकरं ठेवलेली, लोकरसुद्धा न फुटलेली.

"तात्या, त्ये मासं बोअरच्या पाण्यात हुतं."

फावडं थांबलं नाही. "कसल्या पाण्यात?"

"बोअरच्या. आमच्या पाण्यातलं न्हवतं. आमचा पंप बंद हाय. वड्यात ॲसिड आलंय. मला ठावं हुतं."

आता फावडं थांबलं. "आन ह्ये तू कवा सांगतुयास?"

त्यांनी थोडा वेळ वाट बघितली आणि पुन्हा खणायला लागले.

कायदा मला पाठ होता, आणि आता तोच आडवा आला. माझी पट्टी आणि मी भरलेली बाटली यांना काडीची किंमत नव्हती. नमुना प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्यानं घ्यायचा, कारखान्याला कळवून, त्यांच्या माणसासमोर, बाटलीला सील ठोकून. मी त्याच दिवशी मंडळाकडे स्वतःच्या नावानं तक्रार दिली. अधिकारी आले तोवर पंप दुरुस्त होऊन बसला होता आणि ओढा निवळला होता. माणूस बरा होता. म्हणाला, "आजचं पाणी ठीक आहे. त्या दिवसांचं तुम्ही कसं सिद्ध करणार?"

मी दोन कागद पुढे ठेवले. एक पंप दुरुस्तीला गेल्याची पावती. दुसरा रजिस्टरच्या पानांची नक्कल. पंप कारखान्यातच नव्हता त्या दिवसांतही, चुना व्यवस्थित पडला आणि पीएच सात पूर्णांक दोन, असं तिथं लिहिलेलं.

"अक्षर कुणाचं?"

"माझं."

"म्हणजे खोटं तुम्हीच लिहिलंत."

"व्हय."

"हे तुमच्यावरही येईल."

"यायलाच पाहिजे," मी म्हणालो. फार शूरपणे म्हणालो नाही.

आता राहिला मेंढरांच्या मालकाचा जबाब. अधिकारी आणि मी तळावर गेलो. तात्या चुलीपासून जरा लांब, घोंगड्यावर बसले होते. अधिकाऱ्यानं विचारलं, ओढ्याचं पाणी का पाजलं?

"लिवा," तात्या म्हणाले. "आमी परमुलखातली आडाणी माणसं. आमास्नी पाणी वळाकलं न्हाई. फौजीनं सांगितलं हुतं, आमी आयकलं न्हाई. चूक आमचीच."

अधिकाऱ्याचं पेन थांबलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. असा जबाब गेला तर कारखान्याला सुटायला दारच मिळत होतं. सांगूनही ऐकलं नाही, त्याला कोण काय करणार?

"तात्या, खरं सांगा."

"खरंच सांगतुय."

चुलीपाशी भाकरी थापणारी काकी हात न थांबवता म्हणाली, "सांगा की वो. त्या कंपनीला कशापायी वाचिवताय?"

"कंपनीला कोण वाचिवतंय?" तात्या तिच्यावर ओरडले.

मी त्यांच्यापुढे उकिडवा बसलो. "तात्या, मला वाचवू नगा. माझा जबाब मी दिलाय. माझी सही झालीया."

"नोकरी जाईल की रं."

"गेली."

राजीनामा खिशातच होता, दिला नव्हता अजून. पण त्या क्षणी गेलीच होती. तात्या बराच वेळ जमिनीवर काडीनं रेघा ओढत राहिले. मग अधिकाऱ्याकडे तोंड करून, माझ्याकडे अजिबात न बघता, म्हणाले, "लिवा मग. पुतण्यानं टाकीतलं मासं दावलं. ह्येच पाणी बाहीर जातंय का, आसं मी इचारलं. त्यो व्हय म्हणला. म्हणून मी पाजलं. मेंढरं पीत न्हवती, मी पाजलं."

अधिकाऱ्यानं लिहिलेलं वाचून दाखवलं. तात्यांनी अंगठा दिला. अंगठ्याची शाई धोतराला पुसत त्यांनी विचारलं, "सायेब, ह्याच्यावर केस झाली तर ह्याची डिग्री काढून घ्येत्यात का?"

"नाही हो बाबा. डिग्री काढून घेत नाहीत."

"मग बरं," तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ हलला. केस अजून चालू आहे. तारखेला मीही जातो, आणि ज्या बाकावर कारखान्याची माणसं बसतात त्याच्याच टोकाला मला बसावं लागतं. तात्या कुठल्या वाटेला आहेत ते काकी फोनवर सांगते. परवा मी म्हटलं, त्यांना दे जरा. पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता, तात्यांचं हाळी घालणंही ऐकू येत होतं. काकी म्हणाली, "लांब हायत रं. उंद्या कर."