भरल्या गाडीचे टायर

वडिलांना आमच्या पिकअपला मोठे टायर हवे होते. कारण विचारलं की म्हणायचे, वस्तीच्या वाटेवर गाडीचं पोट दगडांना घासतं. ते खरंच होतं, पण अर्धंच. भंडारदऱ्याच्या एका हॉटेलवाल्याच्या पिकअपची रुंद, काळीभोर चाकं त्यांनी पाहिली होती आणि तेव्हापासून आमची गाडी त्यांना अनवाणी दिसायला लागली होती.

गाडी मात्र उंच करायची नाही, ही त्यांची अट. स्प्रिंगला जादा पाटे टाकून उंच केली की गाडी घाटात झोके खाते आणि आईला चढता येत नाही. राजूरच्या टायरवाल्या चाचांनी कपाळाला हात लावला. "गाडी उचलायची न्हाई आन टायर मोठं पायजे! बसल, पन भरल्यावर मडगार्डाला घासल. रिकामी गाडी लई खोटं बोलती. घरी भरून बघा, घासलं तर परत आना."

चाकाच्या मोठ्या लोखंडी डिस्कसकट टायर बसवून वडील ऐटीत घरी आले. पण भात विकून झालेलं, भरायला घरात एक पोतं नव्हतं. मग त्यांनी अंगणातून हाक मारली आणि पोत्यांच्या जागी आम्ही चढलो. एकाच आवारातली चौदा माणसं. थोरल्या चुलत्यांना बरोबर मागच्या चाकावर बसवलं. त्यांच्या वजनाचा विषय घरात कोणी काढत नसे, त्या दिवशी वडिलांनी काढला. आत्या निवडायला घेतलेले तांदूळ सुपासकट घेऊनच चढली. वडिलांनी स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, मग गाडी एका दगडावर चढवली. मागून आवाज आला, खर्रर्र.

"एकानं उतरा बरं," वडील म्हणाले.

सगळ्यांनी चुलत्यांकडे पाहिलं. चुलत्यांनी आत्याकडे. "मी न्हाई उतरायची," आत्या म्हणाली, "माझ्यापरीस सुपाचंच वजन जास्त हाय." आम्ही इतके हसलो की गाडी हलायला लागली आणि टायर आणखीच घासला.

वडील खाली उतरले. मडगार्डात वाकून पाहिलं, नव्या टायरवरून हात फिरवला. त्यांना तो किती हवा होता, ते मला दिसत होतं. मग म्हणाले, "टायरसाठी घरची मानसं उतरवायची व्हय?" दुसऱ्या दिवशी जुन्याच मापाचे टायर परत आले. मी कॉलेजात होते, मलाही ऐट हवी होती. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. याची आज लाज वाटते.

आता वडील नाहीत. चुलते आणि आत्याही गेले. भावंडं पुण्या-नाशकाला पांगली. मी शहरात, सावेडीतल्या फ्लॅटमध्ये एकटी राहते, स्कूटरवर फिरते, आणि सुट्टीला गावी गेले की आईला पिकअपमधून राजूरच्या बाजाराला नेते. या खेपेला टायर पार गुळगुळीत झालेले. आई म्हणाली, "बदलायचेच हायेत तर त्यांना पायजे हुते तसले टाक."

चाचा आता खुर्चीत बसूनच दुकान बघतात. त्यांनी ओळखलं. "भरून बघ हां, बेटी," म्हणाले.

अंगणात गाडी आणली. भरायला आता एकटी आईच होती. स्टुलावर पाय देऊन ती मागे चढली आणि कोणी न सांगता चुलत्यांच्या जागेवर, चाकाच्या वर जाऊन बसली. मी स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, दगडावरूनही गाडी नेली.

"घासलं का गं?"

"न्हाई."

वडिलांचे टायर अखेर बसले होते, आणि मला रडू आवरेना. आई गाडीच्या कडेच्या फळीला धरून तशीच बसून राहिली.

"परत एकदा फिरव," ती म्हणाली.

मी पुन्हा फिरवलं. आम्ही दोघी कान देऊन ऐकत होतो. टायर घासला नाही.