पटावर न मावणारे शब्द

दाजी गेल्याचं माझ्या भाचीनं, स्वातीनं, फोनवर सांगितलं तेव्हा पाळी माझी होती. म्हणजे खेळातली. मोबाईलवर इंग्रजी अक्षरं जुळवून शब्द लावायचा आमचा डाव चालू होता, ते कऱ्हाटीत आणि मी इंदापुरात. मी "निघतो" म्हटलं आणि वेड्यासारखा आधी जुळवत आणलेला शब्द लावून टाकला... मग चपला शोधायला लागलो. असं का केलं, मला आजही सांगता येत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. डाळिंबाची बाग सांभाळणाऱ्या या माणसाला लांबलचक इंग्रजी शब्दांचं वेड कुठून लागलं, कुणास ठाऊक. 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' ते एका दमात म्हणायचे. अर्थ, एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं. "व्यापारी आपल्या डाळिंबाला करतो, ते," असं वर समजावायचे. 'अल्ट्राक्रेपिडेरियन' म्हणजे ज्यातलं कळत नाही त्यात मत देणारा. "आपलं मोठं मामा!" म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. आता हातात अक्षरं सातच, पटाला एका ओळीत घरं पंधरा. हे शब्द मावणार कुठं? मी एकदा विचारलंच, "दाजी, खेळात ह्यांचा उपेग काय?" "कायबी न्हाय," म्हणाले आणि खूश होऊन हसले. प्रत्यक्ष पटावर ते 'कॅट' आणि 'रेन' लावायचे आणि हरायचे. मला या माणसाचा उलगडा कधी झालाच नाही.

तेराव्यानंतर आक्काचं जेवण सुटलं. ताटावर बसायची, घास चिवडायची आणि उठायची. स्वातीनं तिच्या आवडीचं सगळं करून पाहिलं, डॉक्टरांनी सलाईन लावलं. मी निमगाव केतकीच्या बाजारातून पेरू नेले, ते तसेच पिकून गेले. "खा गं आक्का" यापलीकडे मला काही सुचायचं नाही. ती अशीच दाजींच्या मागं निघून जाते की काय, अशी भीती वाटायला लागली होती.

गेल्या आठवड्यात दुपारी दुकानात बसलो होतो. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. मोबाईल वाजला. बघतो तर दाजींची खेळी आलेली! आमच्या डावाला मुदत नव्हती. बागेत फवारणी असली की त्यांची खेळी कितीतरी दिवस यायची नाही, तसा डाव उघडाच राहिला होता. त्यांचं नाव, त्यांचा फोटो, आणि पटावर नवा शब्द, 'हेन'. क्षणभर काय वाटलं ते लिहवत नाही... मी त्याच नंबरावर फोन लावला.

"मीच लावला," आक्का म्हणाली. "डाव आर्धा ऱ्हायल्याला बघवंना."

"तुला कवापासनं येतंय?"

"मला कुठलं यायला? शाळंतला तेवढा कोंबडीचा ध्यानात हाय." मग म्हणाली, "मोठं शब्द तुझं दाजी जेवताना सांगायचं. रोज एक. अर्थ सांगायचं आन् इचारायचं, आसं कोन हाय गं आपल्यात? मोठं मामा मीच सांगितलं हुतं. हसता हसता भाकरी कवा सरायची, कळायचं न्हाय... आता निस्तं ताट बघून घास गिळवंना."

मी चाट पडलो. इतकी वर्षं मला वाटत होतं, ते शब्द माझ्याशी खेळण्यासाठी पाठ करतात. माझ्याशी त्या शब्दांचा संबंधच नव्हता.

"जेवलीस?"

"बघू."

"ताट वाढून घे. फोन ठिवू नगंस."

दुकानातला शब्दकोश ओढला. पानं उलटत सुटलो. हा नको, तो नको, कुठला सांगावा काही कळेना. शेवटी एक सापडला, 'डिस्कॉम्बॉब्युलेशन'. म्हणताना दोनदा अडखळलो.

"म्हंजी गं... पुरता गोंधळ उडनं. काय करावं ते कळंनासं हुनं."

पुढचं विचारायला धीर होईना. दाजींची जागा घेतल्यासारखं वाटत होतं. तरी विचारलं, "आसं कोन हाय गं आपल्यात?"

पलीकडून ताटलीचा आवाज आला.

"मी हाय," ती म्हणाली. "आन् तू बी."

बोलताना तिच्या तोंडात घास होता.