काकांनी न पाहिलेली चढाई

दोस्तहो, मले अजून खरं वाटून नाही राहिलं.

आज आमच्या बूढापारा मोहल्ल्यातल्या शेजारच्या रमेशकाकांच्या पोरीची, पिंकीची, नागपुरात कबड्डीची फायनल होती. मोबाइलवर लाइव्ह दिसणार होती, पण काका रेल्वेत ट्रॅकमन, ड्युटीवर. म्हणाले, "बाबू, रेकॉर्ड करून ठेवजो."

मी रेकॉर्डिंग लावलं, फोन चार्जिंगवर ठेवला अन् तलावावर गेलो. तिथं एक जण गळ टाकून बसला होता, तेच पाहत राहिलो. परत आलो तर मोबाइलची मेमरी फुल्ल! पिंकी शेवटच्या चढाईला निघते अन् व्हिडिओ तिथंच संपतो.

संध्याकाळी काकांनी तेवढाच पाहिला. मी मान खाली घालून उभा. ते रागावले नाहीत. अंगणात खडूनं रेघ मारली अन् स्वतःच चढाईला निघाले! "आता ती डावीकडं झुकन. मग गर्रकन वळून उजव्या पायानं कोपऱ्यातलीले शिवन."

तेवढ्यात पिंकीचा फोन, नेहमीसारखा हिंदीत. "बाबा, जीत गए! बाएं झुकी, फिर घूमके दाएं पैर से कोनेवाली को छुआ. आपने देखा ना?"

काकांनी माझ्याकडं पाहिलं. "हव बेटा, पाहिलं न."

तुमच्या घरी आहे का असं कोणी?