रिकाम्या शेडमधले माग

डोंबिवलीच्या एमआयडीसीत फिती विणायचा एक कारखाना होता. भेटवस्तूंच्या खोक्यांना, पदकांना, केसांना बांधायच्या रेशमासारख्या फिती. दर्शना लग्न झाल्यापासून तिथं माग चालवायची. घर कोपरला चाळीत, नवरा प्रफुल्ल शाळेच्या बसवर ड्रायव्हर.

माल सगळा युरोपात जायचा. मग तिथल्या गिऱ्हाइकाला तीच फीत दुसऱ्या देशातून स्वस्त मिळायला लागली. ऑर्डर आधी निम्मी झाली, मग थांबली. कारखाना बंद पडला आणि बायका पांगल्या. कुणी मॉलमध्ये झाडूपोछ्याला लागलं, दर्शनाची मैत्रीण हेमा पोळीभाजी केंद्रात.

मालक सलिल दर्शनाहून लहान. वडिलांनी उभं केलेलं विकायला त्याचं मन धजेना. त्यानं तिला फोन केला.

"दर्शनाताई, माग पडून राहिले की गंजतात. कुणीतरी पैसे घालणारा येईल, मी बोलतोय लोकांशी. तोवर ते चालू ठेवायला हवेत. पगार निम्माच देऊ शकेन."

"आणि फीत कुणासाठी काढायची, सर?"

"कुणासाठीच नाही."

ती जायला लागली. आवाज नसलेली शेड एवढी मोठी असते हे तिला तेव्हा कळलं. छतातल्या फायबरच्या पत्र्यांमधून दुधी उजेड खाली यायचा आणि त्यात कापसाच्या कणांसारखी धूळ तरंगत राहायची. ती एक माग चालू करायची, थोड्या वेळानं दुसरा. उरलासुरला धागा जो हाताला लागेल तो लावायचा. मोरपंखी संपला की शेंदरी, त्याला जोडून राखाडी. माप नाही, नमुना नाही. फीत सरसर उतरायची आणि पिंपात वेटोळी घालून बसायची.

त्या लयीत तिचे डोळे जड व्हायचे. वाटायचं, पलीकडच्या मागावर हेमा उभी आहे, डबा उघडतेय. कधी दिसायचं बर्फ पडणारं गाव, एक मुलगी आरशासमोर वेणी घालतेय, फितीचं टोक दातांत धरून. ते गाव तिनं कुठं पाहिलेलं नव्हतं. पण त्या मुलीची फीत तिनंच विणलेली होती, एवढं तिला पक्कं ठाऊक असायचं.

"तू कामाला जातेस की झोपायला?" प्रफुल्लनं एकदा विचारलं.

"झोपच म्हण," ती म्हणाली. "फक्त उभ्यानं."

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर पैसे घालणारे आले. सलिलनं तिला सगळे माग एकदम चालू करायला सांगितलं होतं. बाराही माग घुमायला लागले, रंग धावायला लागले. पाहुण्यांतला एकजण वर बघत म्हणाला, "छताची उंची किती?" दुसऱ्यानं ट्रकला गेट पुरेल का विचारलं. तिसरा फरशीवर बुटाची टाच आपटून बघत होता. मागांकडे कुणीच पाहिलं नाही. दर्शनानं एकेक बटण बंद केलं. तिला कळून चुकलं होतं. सलिलला कळायला दोन आठवडे लागले.

जागा गोदामासाठी गेली. मागांना भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला. पण चालू मागांचा व्हिडिओ सलिलनं एका दलालाला पाठवला होता, आणि नैरोबीजवळच्या एका छोट्या कारखान्यानं ते सगळे उचलले.

"तुम्ही चालते ठेवलेत म्हणून, ताई," सलिल म्हणाला. एवढंच म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

कंटेनरमध्ये चढवण्याआधी दर्शनानं मागांवरचे धागे कापले नाहीत, गाठी मारून प्लास्टिकमध्ये गुंडाळले. तिकडे कुणी बटण दाबलं की अर्धवट राहिलेली फीत पुढे चालू होईल, असं तिच्या मनात होतं. 

आता ती त्याच जागेवर, गोदामात खोक्यांना चिकटपट्टी लावते. काम कंत्राटदाराकडून, सहा महिन्यांचं. पुढचं पुढे. तिचा माग जिथं होता तिथं आता रॅक आहेत आणि उजेड पांढराशुभ्र, ट्यूबचा.

रविवारी मात्र दुपारी फोन वाजतो. पडद्यावर न्याम्बुरा असते, नैरोबीकडे तेच माग चालवणारी; सलिलनं मागांबरोबर दर्शनाचा नंबरही तिकडे दिला होता. डोक्याला पिवळा रुमाल, मागे कौलारू शेड. दोघींची भाषा वेगळी, म्हणून हातांनीच बोलणं. या रविवारी न्याम्बुरानं नुकती उतरलेली फीत कॅमेऱ्यासमोर धरली. काठ आवळून गोळा झाला होता. दर्शनानं दोन्ही मुठी घट्ट धरल्या आणि हळूहळू उघडल्या.

"सैल," ती म्हणाली. "धागा सैल सोड गं."

न्याम्बुरानं मान हलवली, मागाशी वाकली, काहीतरी फिरवलं. आवाज बदलला. तो बदल दर्शनाला फोनवरूनही ऐकू आला.

"सैल," तिकडून न्याम्बुरा म्हणाली, शब्द तोंडात घोळवत, आणि फीत सपाट उतरायला लागली.